एक मात्रा पुढे

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. हलकं धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत नाटकाचा मंडप पडला होता. खाली तणस, तणसावर चादरी, आणि चादरींवर शाली-ब्लँकेटं गुंडाळून बसलेली, आजीपासून नातवापर्यंतची अख्खी घरं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक मोरगावची, दुसरी मुंबई-कोलकाता सडकेवरची. या सडक अर्जुनीच्या आसपास दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की आज या गावात, उद्या त्या गावात नाटक असतंच. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या येतात, रात्र जागवतात आणि उजाडता उजाडता पुढच्या तारखेला निघून जातात. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीचं हे जागरण होळीपर्यंत चालतं.

मंडपातली सगळी माणसं रंगमंचाकडे बघत होती. मी मंचासमोर खाली बसलेल्या पेटीमास्तरांच्या डोळ्यांकडे बघत होतो.

या लेखाचा विषय संपादकांनी आधीच सांगून ठेवला होता: नजर. मी पेटीवर वाढलेला माणूस. चाळिशीत पियानो शिकायला घेतला आणि एका ठिकाणी अडलो तो अडलोच. पाठ केलेलं वाजतं, पण नवा कागद समोर आला की बोटं गोठतात. कधी न पाहिलेली स्वरलिपी समोर ठेवून, न थांबता, पहिल्याच नजरेत वाजवणं याला पियानोवाले साइट-रीडिंग म्हणतात. ज्यांना ते येतं त्यांचे डोळे नेमकं काय करतात, हे मला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी सडक अर्जुनीला कशाला जायचं, असं मित्रांनी विचारलं. इथे पियानो नाही, हे खरं. पण साथ करणारी माणसं आहेत.

पेटीमास्तरांच्या पुढ्यात एक वही उघडी होती. पानावर गाण्याचे पहिले दोन शब्द, खाली ‘काळी पाच, केरवा’, बस. त्या वहीकडे ते क्वचितच बघत. पट्ट्यांकडे तर त्याहून कमी. नायिकेचं रडतं वाक्य शेवटाकडे आलं तेव्हा त्यांचे डोळे तिच्या गळ्यावर होते. तिनं श्वास घेतला, आणि तो पुरा भरायच्या आत ऑर्गनच्या पायट्यांवर त्यांचे पाय चालू झाले होते. तिच्या शेवटच्या शब्दाला गाण्याचा पहिला स्वर येऊन भिडला. मधे फट राहिली नाही.

विंगेत आणखी एक जण होता. हातात संहिता, डोक्यावर पिवळा दिवा. प्रॉम्टर. झाडीपट्टीत तालमी थोड्या आणि नाटकं पुष्कळ, त्यामुळे हा माणूस नाटकाचा कणाच असतो. नट एक वाक्य मोठ्यानं म्हणत असतो तेव्हा प्रॉम्टर पुढचं वाक्य हळू आवाजात सोडत असतो, आणि त्याचे डोळे त्याच्याही पुढच्या ओळीवर गेलेले असतात. एकाच क्षणी तीन वाक्यं चालू: एक प्रेक्षकांच्या कानात, एक नटाच्या कानात, एक प्रॉम्टरच्या डोळ्यांत. १९२० साली गाय बझवेल या अमेरिकी संशोधकानं मोठ्यानं वाचणाऱ्यांचे डोळे त्यांच्या आवाजाच्या किती पुढे असतात, ते मोजून एक पुस्तकच लिहिलं होतं. त्या रात्री विंगेच्या पडद्याआडून मला ते अंतर नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

डोळा सरकत नाही

वाचताना आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते, असं वाटतं. तसं होत नाही. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्यानं १८७९ साली लिहून ठेवलं की वाचणारा डोळा झेपा घेत जातो. एका जागी पाव सेकंदाच्या आसपास थांबतो, मग टुणकन पुढे. झेप सेकंदाच्या काही शतांश भागात उरकते, आणि त्या वेळात आपल्याला धड काही दिसत नाही. आरशासमोर उभे राहा, स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र लख्ख दिसतील.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण त्या नखाएवढ्याच जागेत डोळ्याला अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसतं. त्याच्या बाहेर धूसर, आणखी बाहेर नुसता अंदाज.

आता हा हिशेब पियानोवर मांडून बघू. सेकंदाला डोळ्याचे थांबे तीन-चार. एखाद्या साध्याशा जलद तुकड्यातही उजव्या हाताला सेकंदाला चार-सहा स्वर असतात, डाव्याला त्याच्या निम्मे तरी. म्हणजे डोळा एकेका स्वरावर थांबत गेला तर हातांना वाट बघावी लागणार. माझं नेमकं हेच होत होतं. मी प्रत्येक स्वर वाचत होतो, आणि म्हणूनच मला वाचता येत नव्हतं.

डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रं लावून वादकांना बसवलं, तेव्हा कसलेल्या वाचकांचे डोळे अनेक स्वरांवर थांबतच नाहीत, असं दिसलं. ते दोन स्वरांच्या मधल्या कोऱ्या जागेतही थांबतात. तिथून डावी-उजवी धूसर कडाही त्यांना पुरते. पुढे जाऊन डोकावतात, परत येतात, पुन्हा पुढे जातात. नवशिका बिचारा चालू स्वराला चिकटून असतो.

दुमजली कागद

पेटी आणि पियानो यांच्या पट्ट्या सारख्याच: दर सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. कागद मात्र वेगळा. आमच्या पिढीनं जी लिपी गिरवली ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. घराण्याघराण्यांत अडकलेल्या चिजा त्यांनी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत सगळ्यांसाठी खुल्या केल्या. हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत. पण ती लिपी अक्षरांची आहे. ‘सा’ आणि वरचा ‘सां’ एकाच ओळीत, एकाच उंचीवर बसतात. सूर चढतोय की उतरतोय हे कळायला अक्षर ओळखावंच लागतं. पाठ झालेली चीज आठवायला, जपायला ती लिपी उत्तम. नवी चीज चालत्या लयीत उचलायला ती केलेलीच नाही.

पाश्चात्त्य लिपीत पाच रेघांवर ठिपके चढतात, उतरतात. वाचता न येणाऱ्यालाही चढ दिसतो. तीन स्वर एकत्र वाजवायचे असतील तर एकावर एक ठेवलेल्या गाडग्यांच्या उतरंडीसारखा त्यांचा एक आकार होतो, आणि सवयीनं डोळा तो आकार ओळखतो, गाडगी मोजत नाही. पियानोच्या कागदाला शिवाय दोन मजले असतात. वरचा बहुतेक उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. डोळ्याला पुढे तर जायचंच आहे, पण वर-खालीही जायचं आहे, आणि अधूनमधून पट्ट्यांकडेही. १९४३ मध्ये वीव्हर या संशोधकानं वादकांच्या नजरेचे माग काढले. स्वरांचे गुच्छ असलेल्या संगीतात नजर जिना उतरल्यासारखी वरून खाली येत पुढे सरकते. दोन स्वतंत्र धुना एकाच वेळी चालल्या असतील तर वरच्या धुनेचा एक घास, खालच्या धुनेचा एक घास, असं नागमोडी जाते. म्हणजे डोळ्याची वाट संगीताच्या बांधणीनुसार बदलते. डोळ्याला ही बांधणी कोण सांगतं, हा पुढचा प्रश्न.

दिवा घालवला की

जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा १९७४ मधला एक प्रयोग इतका साधा आहे की तो वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. वादकापुढे पडद्यावर स्वरलिपी दाखवायची. तो वाजवत असताना मध्येच, न सांगता, ती घालवायची. कागद गेल्यावरही तो किती स्वर बरोबर वाजवत राहतो? जेवढे वाजवेल तेवढं त्याच्या डोळ्यानं हाताच्या पुढे जाऊन आधीच उचललेलं होतं.

चांगले वाचक सात स्वरांपर्यंत जात. कच्चे तीन-चारांत संपत. खरी गोम त्याच्या पुढे आहे. हे अंतर ठरावीक नसतं. संगीताचं वाक्य जवळच संपत असेल तर वादक ताणून तिथपर्यंत पोचतो. वाक्य त्याच्या आधीच संपत असेल तर तिथेच थांबतो. म्हणजे त्याची नजर स्वर उचलत नव्हती, वाक्यं उचलत होती.

पंचवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, सोफी फर्नो आणि मायकेल लँड यांनी नजर टिपणाऱ्या यंत्रानं हेच अंतर पुन्हा मोजलं. त्यांना जे आढळलं त्यानं माझी समजूत उलटीपालटी झाली. स्वरांत मोजलं तर व्यावसायिक वादकांचे डोळे हाताच्या चारेक स्वर पुढे, शिकाऊंचे दोनेक. पण वेळात मोजलं तर दोघांचंही अंतर जवळपास एकच: सुमारे एक सेकंद. लय जलद केली की ते ०.७ सेकंदावर येई, संथ केली की १.३ वर जाई. वादकाचा दर्जा कोणताही असो. निपुण माणसाचा डोळा काळात फार पुढे पळतच नाही. डोळ्यानं घेतलं ते हातापर्यंत पोचेतो जो सेकंद जातो, त्या सेकंदाच्या पोतडीत त्याचा माल जास्त मावतो, एवढंच. सोप्या, एकेरी धुनांवर झालेल्या १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात हेच अंतर सरासरी एका मात्रेच्या आसपास निघालं होतं.

एक मात्रा पुढे. पेटीमास्तरांचे पाय नायिकेच्या श्वासावर चालू झाले, तेही तेवढंच.

माल जास्त मावतो कशामुळे? डोळ्यांच्या कसरतींमुळे नव्हे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. मराठी वाचताना आपण ‘सडक’ हा शब्द स, ड, क असा वाचत नाही, तो एका घासात गिळतो, कारण शब्द आधीच आपला असतो. संगीतात ज्याच्या कानात असे शब्द भरपूर साठले आहेत, त्याच्या डोळ्यांना कमी बघून भागतं.

छापखान्याची चूक

बोरिस गोल्डोव्स्की हे पियानोवादक, ऑपेराचे दिग्दर्शक, शिक्षक. त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी होती, वाचनात अगदी कच्ची. एकदा ब्राम्सचं कॅप्रिचिओ वाजवताना तिनं एक स्वर भलताच वाजवला. गोल्डोव्स्कींनी थांबवून सांगितलं, दुरुस्त कर. ती गोंधळली, म्हणाली, कागदावर तर हेच आहे. पाहतात तो खरंच छापखान्याची चूक! ती रचना त्यांनी स्वतः कितीदा ऐकली, वाजवली, शिकवली असेल. चूक कधी दिसली नव्हती. मग त्यांनी उत्तमोत्तम वाचकांना तोच कागद दिला आणि सांगून ठेवलं की यात एक चूक छापली आहे, शोधा. हवं तितक्यांदा वाजवा. कुणालाही सापडली नाही. त्या सगळ्यांनी ब्राम्सनं लिहिला असता तो स्वर वाजवला.

स्लोबोडा यांनी पुढे हे मुद्दाम करून पाहिलं. फारशा कुणी न ऐकलेल्या जुन्या रचनांत जागोजागी चुका पेरल्या. अनुभवी वादकांनी त्यांतल्या कितीतरी नकळत दुरुस्त केल्या. तोच कागद दुसऱ्यांदा वाजवायला दिला तेव्हा अशा दुरुस्त्या उलट वाढल्या. बांधणी जितकी ओळखीची होत गेली, तितकी डोळ्याला कागदाची गरज कमी पडू लागली.

मुद्रितशोधन केलेल्या कुणालाही हे पटेल. आपलाच मजकूर तपासताना आपल्या नजरेतून काना-मात्रा निसटतात, कारण पुढचा शब्द डोळ्याआधी मनानं वाचलेला असतो.

साथ करणाऱ्यांची जात

पियानोवादनात दोन वाटा असतात. एक एकल वादनाची, दुसरी गायकाला किंवा व्हायोलिनला साथ करण्याची. आंद्रेआस लेमान आणि अँडर्स एरिक्सन यांनी १९९० च्या दशकात दोन्ही वाटांच्या वादकांना न पाहिलेल्या रचना वाजवायला दिल्या. साथ करणारे वरचढ ठरले. ज्यानं जितकी साथ केली होती, जितक्या वेगवेगळ्या रचनांना केली होती, तितकं त्याचं वाचन पक्कं. एकच रचना सहा महिने घासणाऱ्याचे हात तयार होतात, पण ओळखीचे शब्द थोडेच राहतात. साथीदाराला रोज नवा गायक, नवं गाणं, आणि थांबायची मुभा नाही. २०१० मध्ये मींझ आणि हॅम्ब्रिक यांनी ५७ पियानोवादक तपासले. वादकावादकांतल्या फरकाचा जवळपास निम्मा भाग रियाजाच्या तासांनी उलगडला. काही क्षण डोक्यात माल धरून ठेवण्याच्या उपजत ताकदीचा वाटा वेगळा निघाला, पण तो लहान. चुलीवर भात आणि शेगडीवर भाजी एकदम सांभाळणाऱ्या बाईला ती ताकद कशी असते, हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे अशी वाचणारी जमात पाहायची तर गोव्याकडे वळावं लागतं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना कॅटेकिझमबरोबर सोल्फेज शिकवलं जाई. वाद्य हातात येण्याच्या आधी कागद बघून गळ्यानं स्वर म्हणायचा. डोळा आणि कान यांची गाठ आधी, बोटं नंतर. ही मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा पाया झाली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. सॅबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती तीस-चाळीस वाद्यांसाठी कागदावर उतरवायचा. वादक महालक्ष्मीच्या फेमस किंवा ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत येऊन स्टँडवरचा कागद उघडायचे. सगळे एकत्र, एका दमात ध्वनिमुद्रण. एक चुकला तर सगळ्यांनी पुन्हा. पियानोवर ल्युसिला पाशेको, व्हायोलिनवर अँथनी गोन्साल्विस. मजोर्ड्याचे हे गोन्साल्विस राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांचे गुरू; १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून प्यारेलालजींनी त्यांचं नाव घराघरांत पोचवलं. आपण ज्या गाण्यांवर वाढलो, त्यांतले कितीतरी व्हायोलिनचे झोत आदल्या दिवशीपर्यंत वाजवणाऱ्यांच्या नजरेखालून गेलेलेच नव्हते. हे कळल्यापासून मी ती गाणी वेगळ्या कानांनी ऐकतो.

पत्रक

दुसऱ्या दिवशी पेटीमास्तरांची तारीख रिकामी होती. दुपारी त्यांच्या ओसरीवर बसलो. हंगामात नाटकं, बाकी वर्षभर धानाची शेती आणि भजन, असं त्यांचं चालतं. मी विचारलं, “मास्तर, गाणं उचलताना तुम्ही पेटीकडे बघतच नाही.”

“पेटी तं जागच्या जागी रायते,” ते म्हणाले. “मानूस हालते. डोरे मानसावर ठेवा लागते.” झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि डोळे ‘डोरे’ होतात. मला तो उच्चार फार आवडला.

मी तीन ओळी लिहून नेल्या होत्या, त्यांच्या ओळखीच्या सारेगमच्या अक्षरांत, सोळा-सोळा मात्रांच्या. पहिली एका भजनाची, पण नाव न सांगता. ते वाजवू लागले तसं मी पाचव्या मात्रेला आदल्या रात्रीच्या नाटकाचं पत्रक कागदावर आडवं ठेवलं. ते हसले आणि समेपर्यंत वाजवून मोकळे झाले. दुसऱ्या ओळीत मी स्वर नुसते विस्कटून लिहिले होते, कशाला काही धरबंध नव्हता. पत्रक ठेवल्यावर दोन स्वर वाजले, तिसऱ्याला पेटी थांबली. तिसरी ओळ नवी होती, पण यमनच्या वळणाची. पत्रकाखाली झाकलेले चार स्वर त्यांनी बरोबर वाजवले, आणि पाचव्याला माझी वाट सोडून सरळ गंधारावर येऊन थांबले. पत्रक उचलून पाहिलं. मी मध्यमावर एक ओढूनताणून वळसा घातला होता. त्यांचा शेवट चांगला होता.

आपल्या संगीतवर्गांबद्दल एक गोष्ट मला लहानपणापासून सलते. मी ज्या वर्गात शिकलो तिथे चाल आधी तोंडपाठ व्हायची, आणि परीक्षेच्या तोंडावर तिची लिपी फळ्यावरून वहीत उतरवली जायची. न ऐकलेला कागद कुणी कधी पुढे ठेवला नाही. लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं. आज मंडईतल्या मंचासमोरही कीबोर्ड आलाय, पोरं त्याच्यावर चित्रपटाची गाणी ऐकून काढतात. भजन, दंडार या लोकनाट्याच्या चाली, नाटकाची पदं यांनी त्यांचे कान भरलेले आहेत. साइट-रीडिंगची जी अवघड, वर्षानुवर्षं लागणारी बाजू, ती या पोरांकडे आधीच आहे. रोज एक नवा, सोपा कागद, ओळखीच्या वळणांचा. वाजवण्याआधी अर्धं मिनिट नुसतं बघायचं, इंग्लंडच्या संगीत परीक्षा बोर्डाच्या पियानो परीक्षेत देतात तसं. आणि एकदा सुरू केलं की चूक झाली तरी लय सोडायची नाही. एवढं कुणी मनावर घ्यावं, असं मला अगदी कळकळीनं वाटतं.

मास्तरांची नात दारात उभी राहून सगळं बघत होती. आठवीत आहे, संगीताच्या प्रवेशिका परीक्षेची तयारी करते. तिला तिसरी ओळ दिली. एक स्वर बघे, मान खाली घालून पट्टी शोधे, वर बघे तोवर ओळीतली जागा हरवलेली. मी पत्रक पुन्हा घेतलं, पण या वेळी उलटं: पुढचं झाकण्याऐवजी ती वाजवत असलेलीच मात्रा झाकली. मागे फिरायची वाट बंद. तिनं तक्रारीच्या सुरात आजोबांकडे पाहिलं.

“पुढं पाय,” ते म्हणाले, आणि मांडीवर हातानं ठेका धरला. संथ, अगदी संथ.

पहिल्या खेपेला चार स्वर चुकले. दुसऱ्या खेपेला तीन, पण ठेका सुटला नाही. तिसऱ्या खेपेला तिची मान वर राहिली. बोटं चाचपडत होती आणि डोळे पत्रकाच्या कडेच्या थोडे पुढे, न वाजलेल्या स्वरांवर होते. बाहेर सडकेवरून ट्रक जात होते. मास्तर ठेका देत राहिले, मी पत्रक सरकवत राहिलो.